तीन ग्रेनचा वाद

८ ऑक्टोबर
झालं! बाबांच्या रायफलच्या नेहमीच्या १६५ ग्रेन वजनाच्या गोळ्या लिव्हिंग्स्टनच्या दुकानात नाहीत. १६८ च्या मिळाल्या. एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर, काडतुसं आम्ही घरीच भरतो, आणि दारूची मापं देणाऱ्या पुस्तकात १६५ आहे, १८० आहे, मधलं काहीच नाही.

"तीन ग्रेनचा फरक? म्हणजे दीड-दोन गुंजा! गोळीवर माशी बसली समज!" — बाबा. "काडतुसात दारू नेहमीइतकीच घाल, ट्वायला."

नाही घालणार! वजन मधलं असेल तर जड गोळीसाठी दिलेला दारूचा आकडा धरायचा, कमीत कमी दारूपासून सुरुवात करायची, जपून वाढवायची. हे मला शिकवलं कोणी? यांनीच!

१० ऑक्टोबर
माळावर वारा नुसता पिसाटलेला. थोडी काडतुसं भरा, झाडा, रिकाम्या पुंगळ्या तपासा, घरी या, पुन्हा भरा. शेजारचा व्हर्लिन कुंपणावरून ओरडतो, "ट्वायला, शिकार करणारेस की परीक्षा देणारेस?" हस मेल्या!

१३ ऑक्टोबर
डोकं फिरलंय. बाबांनी आपली काडतुसं आपल्याच मापाने भरली. एक झाडलं नि रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, अडकला; दारू जास्त झाल्याचं लक्षण. लाकडी हातोडीने ठोकून उघडावा लागला. "थंडीमुळे," म्हणे! डोळ्यापासून वीतभर अंतरावर हा खेळ, आणि यांना थंडी आठवते!

म्हटलं, माझी घ्या. तर — "दुसऱ्याने भरलेलं काडतूस मी जन्मात झाडलेलं नाही." इथे सगळेच हे पाळतात. मीही पाळते. पण मी दुसरी का?

१४ ऑक्टोबर
बाबांनी ताट आपल्या खोलीत नेलं. जेवणात कालचंच स्ट्यू.

१६ ऑक्टोबर
बाबांच्या उरलेल्या काडतुसांमधून गोळ्या उपटल्या, आतली दारू तोलली. दोन सारखी नाहीत! एकात कमी, दुसऱ्यात भलतीच जास्त. म्हणजे भांडण तीन ग्रेनचं नव्हतंच.

दुपारी ते भरायला बसले तेव्हा नीट बघितलं. नाक तराजूला टेकलेलं. काटा रेघेच्या चांगलाच वर, आणि बाबा पुटपुटले, "बरोबर आहे."

दिसतच नाहीये त्यांना. इतके दिवस मी यांना हट्टी म्हातारा समजून दात-ओठ खात होते! आता राग कोणावर काढू? प्रत्येक काडतुसातल्या दारूचं वजन मोठ्या अक्षरात लिहून कागद त्यांच्या तराजूखाली ठेवला.

१९ ऑक्टोबर
सकाळी माझ्या टेबलावर बाबांचा तराजू. शेजारी त्यांच्या पुंगळ्या, घासून लखलखीत केलेल्या. दारातूनच, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी झाली की माझीही भर."