उसना घास

तीर्थरूप आबा,

शेळ्यांच्या आधी तुम्हाला नमस्कार! मी बराबर आहे.

आज ढोरांच्या डॉक्टरकीच्या वर्गात सर म्हणले, चारा शेळी एकटी पचवत न्हाई, तिच्या पोटातले बारीक जीव पचवतात. ते मेले की रवंथ बंद पडतो. मंग धडधाकट शेळीच्या पोटातलं पाणी आजारी शेळीला पाजतात.

तुम्ही तर चांगल्या शेळीच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी शेळीला भरवायचे! पाव्हण्यांसमोर मी "शी आबा!" म्हणून ओरडल्ते. चुकलं माझं.

चंद्री शेळी रवंथ करती का? आई वेळेवर जेवती का?

इथलं होस्टेलचं जेवण महिन्यापासून मला पचून न्हाई राह्यलं. घोर करू नका. परतूरहून कुणी येणार असंल, तर तुमच्या ताटातली उष्टी भाकर बांधून द्या.

आता शी न म्हणणारी,
तुमची रेणुका