हातभर लाल दोरा

मार्सेय, नोव्हेंबर १९४७

प्रिय ताई,

आधीच्या पत्रांतली बाल्कनी खोटी होती. लुबर्टची नोकरीसुद्धा. लग्नाला आठ महिने झाले, तेवढ्यात अँटवर्प, लील, लिऑन पालथी घालून आम्ही इथे बंदरावरच्या पोटमाळ्यात येऊन पडलो. पियानो सुरात लावणाऱ्याला कोण बोलावणार? बॉम्बमधून वाचलेले पियानो लोकांनी मागच्या थंडीत फोडून शेगडीत घातले. तरी प्रत्येक गाडीत चढताना लुबर्ट म्हणायचा, ‘बाईसाहेब, या गावात आपल्याला दोन खिडक्यांचं घर.’ लीलपर्यंत मला खरंच हसू यायचं.

तुझ्यापासून लपवलं त्याची लाज वाटते. लग्नात तू दिलेल्या चादरी मी विकल्या. पहिली बाजारात नेली, तर म्हातारी दुकानदारीण कोपऱ्यात तू लाल दोऱ्याने भरलेली आमच्या नावांची दोन अक्षरं बघून म्हणाली, ‘अगं पोरी, दुसऱ्याच्या नावावर कोण झोपेल? उसवून आण.’ युद्धात अंड्यांच्या बदल्यात तू तो लाल दोरा मिळवला होतास. मी तो दातांनी तोडला. लुबर्टला ते बघवायचं नाही, तो जिन्यात जाऊन बसायचा.

शेवटची चादर मी विकणार नव्हते. परवा त्यावरून भांडण झालं. नको ते बोलले मी. म्हटलं, ताईचं ऐकून तुला नकार दिला असता, तर आज पोटभर जेवले असते. त्याने आपला पाव माझ्याकडे सरकवला आणि भूक नाही म्हणाला.

काल मी धुणं घेऊन परतले तेव्हा चादर घडी करून उशीवर ठेवली होती. माझं अक्षर जागेवर, त्याचं उसवलेलं. दाढीच्या पात्याने उसवलंय, कापडाला दोन भोकं पडलीत. त्याची हत्यारांची पिशवी नाही. ती विकलीच असणार, कारण चादरीखाली माझं एकटीचं, थेट घरापर्यंतचं तिकीट होतं. खालची बाई म्हणाली, ‘तुझा नवरा? बोटीवर कामाला माणसं घेत होते, त्या रांगेत होता.’ मी धावत गेले. धक्का रिकामा होता.

तू म्हणशील, शहाण्यासारखी गाडीत बस. नाही बसणार, ताई. मला इथे धुलाईखान्यात काम मिळालंय. तो परत येईल असं वाटत नाही, तुझ्याशी आणखी खोटं कशाला बोलू. पण त्या एका अक्षराच्या चादरीवर मला झोप लागत नाही. तुझ्या डब्यात तो लाल दोरा उरला असेल, तर पाकिटात घालून पाठव. हातभर पुरेल.

तुझीच,
फेन्ना