तळेगावची एक बाई

७ जानेवारी २००८

टाकली! मोहिनीताईंनी नको म्हटलं होतं, तरी टाकली.

आता इथे तरी सरळ लिहितो. ताई समुपदेशक. दवाखान्यातली नोकरी सोडून इथे वर्ध्यातच नालवाडीत दोन खोल्या घेतल्या, त्याला वर्ष होईल. दारावर नुसतं नाव. 'मन' हा शब्द पाटीवर लिहिला तर कोणी जिना चढत नाही म्हणतात. साइट माझ्याकडे. काम एकच — कोणी इंटरनेटवर शोधलं की ताई सापडल्या पाहिजेत. तीन महिने झाले, सापडत नाहीत! ताई काही बोलत नाहीत, चहा देतात. त्यांनी बोललेलं परवडलं असतं.

एक गोष्ट मात्र मला कळली आहे. वर्ध्याचा माणूस वर्ध्यात शोधतच नाही, तो नागपुरात शोधतो. वर्ध्यात शोधतात ते आर्वीचे, कारंजाचे, हिंगणघाटचे. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून प्रत्येक जण आपला गाव सोडून पुढे जातो. म्हणजे पानावर त्या गावांची नावं हवीत. नुसती यादी देऊन भागत नाही. गोष्ट हवी.

गोष्ट ताईंनीच सांगितली होती, लोक कसे बोलतात ते मला समजावं म्हणून. कारंजाची एक बाई. व्यापारी घर, खाली दुकान, वर राहणं. गिऱ्हाइकांचा गलका वाढला की हात गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. तुरीच्या पोत्यांमागे जाऊन बसायची. घरच्यांनी अंगारे केले, गंडे बांधले. मग कोणाला न सांगता ती वर्ध्याला यायला लागली. दिवाळीत स्वतः दुकानात बसली! सांगताना ताईंचा चेहरा खुलला होता. मग म्हणाल्या, "हे तुझ्यापुरतं हं धीरज. पानावर नको."

मी हो म्हटलं. आणि टाकली. पण गाव बदललं ना! कारंजाच्या जागी तळेगाव केलं. त्या बाईला आता कोण ओळखणार? नुसतं तळेगाव लिहिलं तर सर्चमध्ये पुण्याकडचं वर येतं, म्हणून पूर्ण नाव दिलं — तळेगाव (श्यामजी पंत). बहिणीचं सासर तिथलं, नाव बोटांवरच बसलेलं.

ताई आपली साइट कधी उघडून बघत नाहीत. त्यांना कळायचं नाही.

१२ जानेवारी

सर्चच्या पहिल्या पानावर! चौथा नंबर! मराठीत या विषयावर कोणी काही लिहिलेलंच नाही, मोकळं रान आहे. आर्वीहून एक फोन आला ताईंना, पुलगावहून एक. ताई म्हणाल्या, "काय जादू केली रे?" मी म्हटलं, "थोडे शब्द बदलले."

खोटं नाही. पण घरी येईपर्यंत कसंसंच वाटत होतं.

२४ जानेवारी

बहीण आली होती, कोकिळा. आईसाठी तिळाची वडी ठेवली, "बाजारात जाऊन येतो" म्हणाली आणि गेली. येताना डोळे लाल दिसले. धूळ असेल. मी स्क्रीनमध्ये डोकं घालून. "जेवून जाजो," एवढंच बोललो. तेही तिच्याकडे पाठ करून.

३ फेब्रुवारी

कागद हातात आहे. माझाच मजकूर, माझीच वाक्यं, कोपऱ्यात नागपूरच्या कुठल्या तरी ऑफिसातल्या प्रिंटरची शाई फुटलेली.

आज सकाळी कोकिळाचे सासरे अण्णाजी आले, सोबत आमचे जावई — कैलासराव. न कळवता. अण्णाजींचा पुतण्या नागपूरला नोकरीत आहे. सहज गावाचं नाव टाकून बघितलं, हे पान निघालं. प्रिंट काढून गावी पाठवली. आता अख्ख्या तळेगावात फिरून राहिली आहे!

आईने चहा ठेवला. अण्णाजींनी कपाला हात लावला नाही. व्याह्याच्या घरचा चहा न पिणं म्हणजे काय, ते आम्हाला सांगावं लागत नाही. आई दारातच उभी राहिली.

"तळेगावात दुकानावर राह्यणारे घरं किती? सात," अण्णाजी म्हणाले. "त्यात वर्ध्याले येणारी सून किती? एक. दर पंधरा दिवसाले. मायच्या गुडघ्याचं सांगून येते."

आई म्हणाली, "माह्या गुडघ्याले काय झालं?" आणि मग जीभ चावली. बिचारी, तिला वाटलं आपण पोरीला बुडवलं.

"पयले दुकानात उतरत नव्हती," कैलासराव खाली बघत म्हणाले. "दिवाळीपासून बसते. लोक तेच बोलून राह्यले."

हे मला माहीतच नव्हतं. आठ वर्षं झाली तिच्या लग्नाला!

बाबांचा आवाज चढला. "आमच्या घरात असं काई नाई! सात पिढ्यात नाई!"

मग अण्णाजी माझ्याकडे वळले. "धीरजराव, तुमी कम्प्युटरवाले. हे कोण लिवते?"

तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं — "पुण्यामुंबईचे लोक काहीबी टाकतात, अण्णाजी."

आणि वर: "मी काढून टाकतो. ओळख आहे माझी."

ओळख! दहा मिनिटांचं काम होतं. त्यांच्यासमोर फोन लावल्याचं नाटकसुद्धा केलं. अण्णाजींनी खांद्यावर हात ठेवला. "तुमी हायेत म्हणून." मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी मान हलवली, एखाद्या मोठ्या माणसासारखी.

४ फेब्रुवारी

पान काढलं. कारंजाची कोणी अनोळखी बाई, तिची गोष्ट मी उचलून माझ्या बहिणीच्या अंगावर चिकटवली. मला वाटलं गाव बदललं की माणूस लपतो. पण सात घरांच्या बाजारात कोणत्याही गावाचं नाव लिहा, कोणी तरी त्यात बसतंच. शहाणा समजत होतो स्वतःला.

९ फेब्रुवारी

पान नाही, पण सर्चमध्ये त्या दोन ओळी अजून दिसतात. "तळेगाव (श्यामजी पंत) येथील व्यापारी कुटुंबातील सून..." जुनी प्रत ठेवलेली असते, हळूहळू जाते. इतकी वर आणायला पाच दिवस लागले होते. खाली जायला किती, कोणाला विचारू?

रोज उठून आधी तेच बघतो.

१४ फेब्रुवारी

कोकिळा महिन्याच्या दुसऱ्या-चौथ्या गुरुवारी यायची, आज दुसरा. आली नाही. आईने फोन केला, सासूने उचलला. "ती आता कुठी जात नाई." ठेवून दिला.

आईने दुपारी जेवण केलं नाही. मी जेवलो. पोळी मागून घेतली वरून. का लिहितो हे? लिहावंसं वाटलं.

२० फेब्रुवारी

मोहिनीताईंचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता.

"धीरज, ती गोष्ट टाकली होतीस?"

"काढली, ताई."

"मी नको म्हटलं होतं."

"गाव बदललं होतं, ताई. कारंजा नाही टाकलं."

"मग काय टाकलं?"

"तळेगाव."

ताईंचा आवाज एकदम खाली आला. मग, "श्यामजी पंत?"

"हो."

ताईंनी फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता साइटचं काम गेलंच म्हणायचं, आणि जायलाच हवं. त्यांनी विश्वासाने सांगितलेलं मी चौथ्या नंबरासाठी विकलं.

२१ फेब्रुवारी

काहीच सुचत नाही.

२ मार्च

बाबांना आज आर्वीच्या लग्नात कोणी तरी विचारलं, "पोरीची तब्येत कशी हाये आता?" बाबा जेवण सोडून उठले. घरी येऊन आईवर ओरडले, "तूच लाडावली तिले!" आई रडली. मी आतल्या खोलीत. भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. माझ्या एका वाक्याने हे थांबलं असतं. तोंडाला कुलूप!

भीती कसली वाटते ते लिहूनच टाकतो. बाबा मारतील ही नाही. कोकिळा माझ्याकडे बघेल, ही.

७ मार्च

ठरलं. रविवारी तळेगावला जाणार. अण्णाजींपुढे, सगळ्यांपुढे कबूल करणार. काय व्हायचं ते होवो.

९ मार्च

सांगितलं!!

सकाळची आर्वीवरून जाणारी गाडी धरली. पोचलो तेव्हा दुकानात गर्दी. कोकिळा दुकानात नव्हती. वर स्वयंपाकघरात, दार लोटून. महिना झाला खाली उतरली नाही म्हणे. मला बघून "दादा" म्हणाली आणि पुन्हा कणीक मळायला लागली. वाळली आहे. हाताला हात लागला तर गार होता — पाण्यातलं काम असेल.

अण्णाजींना म्हटलं, चार लोक बोलवा. दुकानासमोरच शेजारचे मोतीलाल, दोन-तीन व्यापारी, कैलासराव, सगळे उभे राहिले. आतल्या दाराशी बाया. मी हात जोडले. म्हटलं, "ते पान मी लिहिलं. माझ्या धंद्यासाठी. गोष्ट बनवलेली आहे. तळेगावचं नाव मी मनानं टाकलं. अशी कोणती बाई इथं नाही, कधी नव्हती. माझ्या बहिणीचा याच्याशी काही संबंध नाही. आईची शपथ."

कारंजाचं काही बोललो नाही. तेवढं तरी राखलं.

अण्णाजी आधी लाल झाले. वाटलं आता एक ठेवून देतात. मग एकदम हसले! "म्हणजे सूनबाईले काईच नाई!" मोतीलाल म्हणाले, "आमाले तं पयलेच वाटे, येवढी चांगली पोरगी." जो तो तेच म्हणायला लागला. कैलासरावांनी मला "लय भोगायले लावलं साळेभाऊ तुमी" म्हणत पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. हॉटेलातून जिलबी आली. चहा आला. अण्णाजींनी माझ्यासोबत कप उचलला. माझे डोळे भरून आले, लपवले नाहीत.

अण्णाजींनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं — आता ह्या घरात या गोष्टीचं नाव निघायचं नाही. मिटलं.

कोकिळा गाडीपर्यंत सोडायला आली. सासूनेच पाठवलं तिला, "जा, भावाले सोडून ये." संध्याकाळी घरी बाबांना सांगितलं. बाबा उठून झोपायला गेले, पण आईने पोटभर जेवण केलं. महिन्यात पहिल्यांदा हलकं वाटत आहे.

१० मार्च

काल एक लिहिलं नाही. गाडीत चढलो तेव्हा कोकिळा खिडकीपाशी आली. म्हणाली, "ताईले मीच म्हटलं होतं दादा, कोनाले सांगसान तं माह्या गावाचं नाव नोका घेऊ. म्हून त्याइनं तुले कारंजा सांगतलं, फोनवर बोलल्या मले." मग गाडी सुरू झाली. ती सोबत चार पावलं चालली. "आता मी ताईकडं कशी जाऊ? तू तं सगळ्याइले सांगून आला, अशी बाईच नाई म्हणून."