ढब्बूच्या लिव्हरची जबाबदारी

४ सप्टेंबर, सोमवार

ही सकाळच्या बसने माहेरी गेली. सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे मुक्काम. जाताना डोळ्यांत पाणी. माझ्यासाठी नव्हे, ढब्बूसाठी. त्याच्या गळ्यात पडून पाच मिनिटं निरोप. मला म्हणाली, गॅस बंद करत जा. असो. कुत्र्याचा हेवा करण्याइतका मी हलका नाही.

फ्रीजवर चार्ट लावून गेली आहे. रकाने तीन. स्टेरॉइड, रोज सकाळी दोन गोळ्या. लिव्हरची गोळी, उपाशीपोटी, खाण्याआधी तासभर. आणि हिरड्या, म्हणजे ओठ वर करून गुलाबी आहेत का ते बघायचं आणि टिक करायची. ढब्बूचं शरीर स्वतःचंच रक्त खातं, असा काहीतरी आजार आहे. एप्रिलमध्ये मरता मरता वाचला, ते स्टेरॉइडमुळे. आता त्याच स्टेरॉइडने लिव्हरचा एक आकडा चढलाय. एएलपी म्हणतात. हवा दीडशेच्या आत, आहे अकराशे ऐंशी. डॉक्टरीणबाई म्हणतात, या औषधाने तो चढतोच, लिव्हर बिघडलंय असा त्याचा अर्थ नाही. लिव्हरला आधार देत राहू, तुपकट काही घालू नका, महिन्याने पुन्हा रक्त तपासू. बाई वयाने माझ्या भाचीएवढी असेल.

बसच्या पायरीवरून ही म्हणाली, चार्टमध्ये आहे तेवढंच करा, स्वतःचं काही घालू नका. मी नुसता हसलो. झाकणांच्या कारखान्यात एकवीस वर्षं क्वालिटी कंट्रोल सांभाळणाऱ्या माणसाला ही सांगणार! रिजेक्शन सात टक्क्यांवरून तीनवर आणलं मी. तपासणी दर तासाला व्हायची, ती शिफ्टला एकदा केली. साहेबांनी पाठ थोपटली होती. आकडा खाली कसा आणायचा हे मला कोणी शिकवू नये.

संकल्प: ही परत यायच्या आत एएलपी दीडशेखाली. बघतच राहील.

५ सप्टेंबर, सकाळी ५.४५

लिव्हरची गोळी दिली. थुंकला. पुन्हा दिली. पुन्हा थुंकला. तिसऱ्यांदा जबडा धरला, तर मी त्याच्या बापाची इस्टेट लुबाडल्यासारखा बघायला लागला. शेवटी चीजमध्ये घालून दिली. चीज म्हणजे चरबी, आणि पोटही उपाशी राहिलं नाही. पण पहिला दिवस धरायचा नसतो.

८ सप्टेंबर

हा प्राणी दिवसाला चार भांडी पाणी पितो आणि हॉलमध्ये सोडतो. कचऱ्याचा डबा रोज पालथा. काल माझ्या बुटाचा आतला तळवा काढून खाल्ला. पोट नगाऱ्याएवढं, शेपटीवरचे केस गेलेले, आणि मी सोफ्यावर बसलो की येऊन पायावर हनुवटी टेकतो. पायाला मुंग्या येतात, पण उठत नाही. मी म्हणतोय, उठत तो नाही.

सलग दोन तास इंटरनेटवर वाचलं. सगळ्याच्या मुळाशी स्टेरॉइड. म्हणजे सकाळी विष द्यायचं आणि त्याच सकाळी विषावरचं औषध द्यायचं, अशी यांची पद्धत. आग लावायची आणि वर पाणी घेऊन धावायचं. हे एकाही डॉक्टरच्या लक्षात येऊ नये?

१० सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंना फोन केला. माझा सिद्धान्त मांडला. तिने शांतपणे ऐकून घेतलं, इतकं शांतपणे की मला वाटलं पटलंच. मग म्हणाली, स्टेरॉइडला हात लावायचा नाही, कमी करायचं तर ते मी रक्त बघून करीन, एकदम तोडलं तर आजार उलटेल. आकडा बघू नका, कुत्रा बघा म्हणाली. असल्या वाक्यांवर यांचे दवाखाने चालतात.

मी बरं म्हणालो. बरं म्हणजे हो नव्हे.

११ सप्टेंबर

आजपासून स्टेरॉइड एक. उरलेली एक डबीत. डबीवर लेबल लावलं: राखीव. वाया घालवणाऱ्यातला मी नाही. चार्टवर दोनचीच टिक केली, कारण रकान्यात दोन लिहिलंय आणि एकच्या टिकला जागाच ठेवलेली नाही.

१४ सप्टेंबर

हिरड्यांचा रकाना म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा. रोज ओठ उचला, रोज गुलाबी. उद्या काय निळ्या होणार आहेत? आज बसल्या बैठकीला महिनाअखेरपर्यंत टिका मारून टाकल्या. एकसारख्या दिसू नयेत म्हणून मधूनमधून पेन बदललं. मग चार्टचा मागचा कागदही होता, त्यावर ३१ ऑक्टोबरपर्यंत उरकलं. रोजची चार मिनिटं वाचली. ती मी आलेखाला देणार आहे.

१९ सप्टेंबर

पाणी चारवरून दोन भांड्यांवर! हॉल कोरडा. कचऱ्याचा डबा उभाच्या उभा. हातच्या काकणाला आरसा कशाला? ग्राफ पेपर आणला. आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर पाण्याची भांडी. रेघ अशी सुरेख उतरते आहे की कारखान्यात नेऊन दाखवावीशी वाटली. नेली. कॅन्टीनमध्ये दोघांनी बघितली. एकाने विचारलं, कुत्रा कसा आहे? विषय आलेखाचा होता.

हिचा फोन. लिव्हर सुधारतंय म्हणालो. म्हणाली, मला वाटलं नव्हतं तुम्ही एवढं कराल. सव्वीस वर्षांत पहिलं सर्टिफिकेट.

२१ सप्टेंबर

एवढा फरक एका गोळीने, तर पुढे जायला काय हरकत? आजपासून एक दिवसाआड एक. शिवाय लिव्हरच्या सफाईसाठी बीट सुरू केलं. उकडून, किसून, वाटीभर. इंटरनेटवर एका बाईच्या कुत्र्याने बीट खाऊन सोळा वर्षं काढली. ढब्बूने वास घेतला आणि तोंड फिरवलं. मी हाताने भरवलं. खाल्लं. माझ्या हातचं खातो तो.

लिव्हरच्या दोन गोळ्या मीही घेतल्या. चव बरी आहे.

२५ सप्टेंबर

हिने हिरड्यांचा फोटो मागितला. काय म्हणावं या संशयाला! मी नुकताच जेवायला बसलेलो, कुत्रा तिकडे बाल्कनीत झोपलेला. ऑगस्टमधला एक फोटो मोबाइलमध्ये होता, हिनेच काढलेला. बाजूला हिचा अंगठा दिसत होता तेवढा कापला आणि पाठवला. कुत्रा तोच, हिरड्या त्याच. खोटं काय आहे यात? हिने हार्ट पाठवलं.

२८ सप्टेंबर

लघवी लालसर, तपकिरीकडे झुकलेली. क्षणभर चरकलो. मग आठवलं, बीट! म्हणजे सफाई चालू आहे, घाण बाहेर पडते आहे. बीट दीड वाटी केलं.

१ ऑक्टोबर

उद्या महिन्याची रक्ततपासणी आहे. एक आठवडा पुढे ढकलली. तपासणी केव्हा करायची हेच तर क्वालिटी कंट्रोलमधलं खरं शास्त्र. आकडा पिकल्याशिवाय काढायचा नाही. दवाखान्यातल्या मुलीला सांगितलं, मी गावाला जातोय. ती म्हणाली, कुत्रा ठीक आहे ना? उत्तम म्हणालो.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई भेटल्या. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी माणसाची नाडी बघितल्याशिवाय नमस्कार करत नाहीत. ढब्बू तिसऱ्या पायरीवर बसला होता, जरा दम खात होता. बाई वाकून बघत म्हणाल्या, हा पांढरा पडलाय हो, डॉक्टरांकडे न्या. मी म्हटलं, बाई, तुमची प्रॅक्टिस माणसांची. कशाला उगीच. तर म्हणे, रक्त सगळ्यांचं लालच असतं. गाढवापुढे वाचली गीता. पायऱ्या हल्ली हळू चढतो, हे खरं आहे. पूर्वी धडपडत चढायचा. नऊ वर्षांचा झालाय, आता पोच आली.

४ ऑक्टोबर

धक्का. ढब्बूच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं झालंय. कानाच्या आतूनही पिवळा. कावीळ! कावीळ म्हणजे लिव्हर. लहान मुलालाही कळतं. म्हणजे मी इतके दिवस जे ओरडून सांगतोय ते शंभर टक्के खरं निघालं. दिवसाआडची एक गोळीसुद्धा त्या बिचाऱ्या लिव्हरला झेपत नव्हती, आणि मी, मूर्खासारखा, मवाळपणाने ती देत राहिलो. स्वतःचा राग आला.

निर्णय: आजपासून स्टेरॉइड पूर्ण बंद. लिव्हरची गोळी दुप्पट. बीट चालू.

डॉक्टरीणबाईंना फोन करणार होतो. पण तिने आधी ऐकलं असतं तर ही वेळ आली असती का? सोमवारी रक्त तपासलं की रिपोर्टच समोर टाकतो.

७ ऑक्टोबर

कारखान्यातून आलो तर दारात आला नाही. हाक मारली. पडल्या पडल्या शेपटी दोनदा हलवली. शिस्त लागली म्हणायची. पूर्वी अंगावर उड्या मारून शर्टाची वाट लावायचा.

पाणी अर्धं भांडं. आलेखाची रेघ जवळजवळ तळाला टेकली.

खायला नको म्हणाला. बीटही, चीजही. माझ्या ताटातला तुकडा दिला, तोही नुसता चाटून ठेवला. त्याच्याशेजारी फरशीवर बसलो जरा वेळ. हनुवटी पायावर टेकली नाही, म्हणून मीच पाय तिच्याखाली सरकवला. थंड लागली.

हिचा फोन घेतला नाही. मेसेज केला: मीटिंगमध्ये आहे. शनिवार होता हे नंतर लक्षात आलं.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४०

दवाखान्यात बसून लिहितोय. वही बरोबर आहे, कारण आलेख वहीत आहे.

आज रक्ततपासणीचा दिवस. सकाळी पट्टा लावला तर उठला नाही. वाटलं, आळस. संध्याकाळपर्यंत थांबलो, मग उचलून रिक्षात घातला. पोट नगाऱ्याएवढं असूनही हलका लागला. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला, आलेख उघडला आणि बोलायला सुरुवात केली. तिने आलेखाकडे बघितलं नाही. ढब्बूचा ओठ वर केला. मी पण वाकून बघितलं. गुलाबी नव्हतं. टेबलावर अंथरलेल्या कागदाचाच रंग.

तिने विचारलं, हिरड्या शेवटच्या कधी बघितल्या? मी म्हणालो, रोज. चार्टचा फोटो दाखवला. तिने तो मोठा करून बघितला, ३१ ऑक्टोबरपर्यंत गेली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. आतल्या मुलीला हाक मारून म्हणाली, रक्त देणारा कुत्रा मिळतो का बघ, लगेच.

मी कावीळ आणि लिव्हरचं समजावून सांगायला लागलो. तेव्हा मात्र हातातली सुई खाली ठेवून म्हणाली, "लिव्हरने पिवळा नाही झाला तो. रक्त फुटतंय त्याचं. एप्रिलमध्ये झालं तेच. लघवी लाल झाली नव्हती?"

मी म्हणालो, बीट.

तिने आलेख घडी करून माझ्या हातात दिला आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

तपासणीचं रक्त तेवढं काढून लॅबला पाठवा, असं मी दारातून सांगितलं. पाठवते म्हणाली.

१० ऑक्टोबर

सकाळी अकराला ढब्बू गेला. एक मोठा काळा कुत्रा रक्त द्यायला आला होता, त्याचा मालक त्याला कुरवाळत बसला होता. निम्मी पिशवी गेली. शेवटी मला आत बोलावलं. मी हाक मारली, तर त्याने शेपटी हलवली. माझी हाक ऐकून. त्याला काय माहीत.

वाईट वाटतंय. फार. लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

हिला फोन केला. ढब्बूचा आजार अचानक उलटला म्हणालो. डॉक्टरीणबाई हाच शब्द वापरते, त्यामुळे तो चुकीचा असण्याचा प्रश्नच नाही.

११ ऑक्टोबर

ही पहाटेच्या बसने आली. रडली नाही. चप्पलही न काढता स्वयंपाकघरात गेली. येताना दवाखान्यात जाऊन आली होती, हे मला नंतर कळलं. म्हणाली, उरलेल्या गोळ्या आणा.

डबी आणून दिली. राखीव लेबल तेवढं आधी खरवडून काढलं, पण नीट निघालं नाही. हिने ओट्यावर गोळ्या ओतल्या आणि दहा-दहाच्या रांगा लावून मोजल्या. एक्केचाळीस. पुन्हा मोजल्या. मी म्हणालो, बघ, एकही वाया घालवली नाही. का म्हणालो कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

मग हिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी रोज फोन करायचे. तो रोज मरत होता, आणि मी तुम्हाला थँक्यू म्हणत होते."

यावर मी सांगणार होतो की हेतू चांगला होता. लिव्हर वाचवायला गेलो. पण ही आतल्या खोलीत जाऊन बॅग भरत होती, आणि बॅग मोठी काढली होती. आईला अजून गरज आहे म्हणाली. किती दिवस, विचारलं. तिने बॅगेची चेन ओढली. बसपर्यंत येतो म्हणालो, तर नको म्हणाली. एवढं शांतपणे नको म्हणताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

लॅबचा रिपोर्ट ईमेलवर आला. उघडायला पाच मिनिटं धीर झाला नाही. वरच्या सगळ्या ओळी लाल. रक्ताच्या. त्या सोडून खाली गेलो.

एएलपी एकशे अठ्ठेचाळीस.

दीडशेच्या आत. अकराशे ऐंशीवरून एकशे अठ्ठेचाळीस, पाच आठवड्यांत. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकशे अठ्ठेचाळीसच. चूक काही झाली असेल, पण जे ठरवलं होतं ते झालं, हे कोणीही मान्य करील.

रिपोर्टचा फोटो काढला, ती ओळ पेनाने अधोरेखित केली आणि हिला पाठवला. तिने बघितल्याची खूण आली. दहा मिनिटं थांबलो. मग फोन लावला. लागत नाही. तिच्या भावाच्या नंबरवर लावला. त्याने उचलला, मी हॅलो म्हणालो, आणि त्याने ठेवून दिला.

साडेनऊ झाले. कारखान्याची बस गेली.