डाव्या बोटाची शाई

आई, तुला मतदानाला न्यायला मी उशिरा का आलो, हे खरं सांगायचं राहून गेलंय. तुला जाऊन आता बारा वर्षं होतील. इतकी वर्षं मी ही गोष्ट मनातल्या मनातही पूर्ण बोललो नव्हतो. परवा कंपनीत चहा पिताना एक माणूस एक वाक्य बोलून गेला, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. म्हणून आज सुट्टीचं शिरूरच्या खोलीवर कागद घेऊन बसलोय. बायको विचारते, कसला अर्ज लिहिताय? मी म्हटलं, रजेचा.

मतदानाचं तुला एवढं का, ते मला लहानपणी कळत नसे. आपली मेंढरं होती तेव्हाच्या गोष्टी तू सांगायचीस. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून कोकणात उतरायचं, ते पावसाच्या तोंडाला परत. मधल्या काळात गावात काय झालं, कोण निवडून आलं, कोण पडलं, ते तुम्हाला परत आल्यावर कळायचं. मग आप्पांनी मेंढरं मोडली, निमोण्याच्या शिवारात वस्ती केली, आणि यादीत तुझं नाव लागलं. पहिल्यांदा मतदानाला शाळेत गेलीस तेव्हा तिथल्या माणसानं तुझं नाव मोठ्यानं वाचलं, आप्पांच्या नावासकट, आडनावासकट. "समद्या लोकांच्या म्होरं वाचलं रं," तू सांगायचीस, आणि सांगताना दर वेळी पदर सारखा करायचीस. तुला नुसतं हाक मारायचं नाव होतं, लिहायचं नाव तुला त्या दिवशी मिळालं. त्यानंतर तू एकही मतदान चुकवलं नाहीस. ग्रामपंचायत असो नाहीतर दिल्लीचं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून सकाळी सातला तू शाळेच्या फाटकात उभी.

आणि तुझा लेक कसा, तर रांजणगावला नवा नवा नोकरीला लागलेला, मतदानाची सुट्टी मिळाली म्हणून चार मित्रांबरोबर दौंडकडच्या एका गुऱ्हाळावर काकवी प्यायला गेलेला. दिवसभर तिथं लोळलो. निघताना आठवलं, घरी तू बोट बघणार. एकाच्या खिशात क्वालिटीवाल्यांचा मार्कर होता, रिजेक्ट मालावर खूण करायचा. त्यानं माझ्या नखावर झोकात एक रेघ ओढून दिली. सगळे हसलो. संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस, मी ताटावर बसलो. तू माझ्या हाताकडं एकदा बघितलंस, तव्यावरची भाकरी उलटलीस, पुन्हा बघितलंस. मग विचारलंस, "तुझ्यावाली बाई नवी व्हती का रं?" मी म्हटलं, कोण बाई? "शाई लावनारी. माझ्या डाव्या बोटाला लावली, तुझ्या उजव्या बोटाला कशी लावली?" मी घास घशात अडकल्याचं सोंग केलं. तू पाण्याचा तांब्या पुढं सरकवलास आणि शांतपणे म्हणालीस, "तोंडानं खोटं बोलला आसतास तर येक येळ चाललं आसतं. बोटाला कशाला शिकिवलं?" दोन आंघोळींत माझी रेघ धुऊन गेली. तुझी शाई मात्र नखाबरोबर हळूहळू पुढं सरकत राहिली. दीड-दोन महिने ती काळी रेघ मला ताट वाढत होती, आणि तू पुन्हा चकार शब्द काढला नाहीस. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

त्यानंतरच्या मतदानाआधी तू गोठ्यात पडलीस, खुब्याचं हाड गेलं. काठी घेऊन अंगणापर्यंत यायचीस, पण वस्तीवरून शाळा दोन किलोमीटर. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी शिरूरच्या खोलीवरून गाडी घेऊन येतो, तुला उचलून मागं बसवतो. माझी नाइट होती, सकाळी सातला सुटणार होतो. तू म्हणालीस, "झोप काढ मग ये, दुपारनं जाऊ." मी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. मतदान सहाला संपलं होतं. तू ओट्यावर बसली होतीस, हिरवं लुगडं नेसून, मांडीवर रेशनकार्डाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात मतदानाचं कार्ड आणि चिठ्ठी. शेजारच्या काकू म्हणाल्या, सकाळधरनं अशीच बसलीय, दोनदा जीप आली होती न्यायला, दोन्ही पार्ट्यांची, दोघांना परत लावलं. त्यांना तू काय सांगितलंस, तेही काकूंनी सांगितलं, "माझा ल्योक येनार हाय."

मी गाडीवरून उतरायच्या आधीच बोललो, "कंपनीनं सोडलंच नाही आई, दुसरी शिफ्ट करायला लावली." किती पटकन आलं ते तोंडात! तू माझ्या तोंडाकडं बघितलंस. बोटाकडं नाही. आणि तू विश्वास ठेवलास, किंवा ठेवायचा असं ठरवलंस, मला अजून कळलेलं नाही. "व्हय रं, कामावरच्या मानसाला कुठली सुटका," म्हणालीस. "दोन शिफ्टा केल्या म्हंजी पोटात काय न्हाई तुझ्या." आणि भिंतीला धरून उठलीस. मी नको नको म्हणत असताना काठी टेकत चुलीपाशी गेलीस, मला पिठलं करून वाढलंस. मी ते पोटभर खाल्लं, आई. भूक लागली होती. तू म्हणालीस, "पुढल्या खेपंला जाऊ." पुढच्या खेपेला यादीत तुझ्या नावावर 'मयत' असा शिक्का होता.

आता मी लाइनचा सुपरवायझर आहे. हाताखालची निम्मी माणसं लांबून आलेली, खोल्या करून राहणारी. मतदानाची सुट्टी म्हणजे त्यांना झोपेचा दिवस, आणि मला त्यांचा राग येत नाही. बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला कुणी लोकशाही शिकवू नये, आधी त्याला बसायला खुर्ची द्यावी. परवा मतदानाच्या आदल्या दिवशी मी चहाला सहज विचारलं, कोण कोण गावी जाणार? दौंड तालुक्यातला एक ऑपरेटर आहे, दोन लेकरांचा बाप, कामाला वाघ. तो म्हणाला, "सर, येका मतानं काय व्हतंय? झोपू द्या की जरा." मग मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. हिरवं लुगडं, मांडीवरची पिशवी, परत लावलेल्या जीपा, सगळं. आणि कंपनीनं मला सोडलं नाही, हेही सांगितलं. इतक्या वर्षांत ते इतकं गुळगुळीत झालंय की सांगताना आवाजही हलत नाही. तो ऑपरेटर कप चुरगाळत म्हणाला, "म्हंजी चूक कंपनीची हाय सर. तुमची काय न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा मोबाईलवर फोटो आला. गावच्या शाळेपुढं उभा, शेजारी त्याची आई, दोघांची बोटं वर. मी फोटो मोठा करून बघितला. डावीच होती. खाली लिहिलं होतं, 'सर, आईला पण घेऊन आलो.' माझी खोटी गोष्ट ऐकून एक खरी म्हातारी मतदानाला गेली, याचा आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, मला ठरवता येईना. मला रडू आलं एवढं खरं.

तुझी ती पिशवी माझ्याकडंच आहे. हा कागद घडी करून तिच्यातच ठेवतो, तुझ्या कार्डाच्या मागं. आणखी कुठं पाठवणार?

त्या दिवशी कंपनीत दुसरी शिफ्ट नव्हती, आई. सकाळी येऊन मी झोपलो होतो. झोप लागून राहिली, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं, पण तेही खरं नाही. चार वाजता मला जाग आली होती. उशाशी घड्याळ होतं, ते मी बघितलं. गाडी दारात होती, पाऊण तासात वस्तीवर आलो असतो. बाहेर ऊन होतं. म्हातारीच्या एका मतानं काय होतंय, असं मनात आलं, आणि मी कूस बदलली.