चाराचे एकोणीस

मंगळवार, अमरावती

लॅबमधून येऊन तास झाला, पण संत्र्यांची पिशवी अजून उघडली नाही.

तिवस्याच्या वसंतकाकांची. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून ते दर तीन महिन्यांनी सीईए तपासायला येतात. हा आकडा वाढला, की आजार परतल्याची शंका. मागच्या खेपेला चार होता. आज एकोणीस.

रिपोर्ट पाहून काका खूश. "पोरी, चाराचे एकोणीस झाले! ताकद भरून राहिली आता." आणि घरच्या बागेतली संत्री काउंटरवर ठेवली.

त्यांची काय चूक? हिमोग्लोबिन वाढलं, की "छान वाढलं, काका" असं दर वेळी मीच म्हणायचे. रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांनीच सांगायचा, हा नियम तेव्हा कुठे आठवला? आज बरा आठवला.

"डॉक्टरांना आजच दाखवा," एवढंच मी बोलले.

"दाखवतो ना. तू संत्री खाऊन सांग मले, गोड हायेत का नाही."

दारापाशी जाऊन काका थांबले. माझ्याकडे बघत राहिले. नेहमीचं "छान" ऐकायचं राहिलं होतं ना.

मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.