फोनवरून शिकवलेले हात

८ जानेवारी २००७, सोमवार
सकाळी लहान मुलांच्या वॉर्डातून डॉ.चा फोन. मला निवृत्त होऊन वर्ष झालं तरी अडलं की त्यांना मीच आठवते. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
काम असं. राधानगरीकडची ऋतुजा, वय तीन. श्वासनलिका अरुंद, म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवलीय, तिच्यातूनच श्वास. जन्मल्यापासून निम्मं आयुष्य वॉर्डात गेलं पोरीचं. आता घरी सोडायची, पण नळी सांभाळणारी नर्स घरात असेल तरच. आई दिवसांत आहे, आणि नळी बघितली की तिचे हात गार पडतात. वडील तानाजीराव, ऊस आणि म्हशी. त्यांनी मुरगूडची रेखा शोधून आणली. ए.एन.एम.चा नर्सिंग कोर्स झालेली, बाळंतपणं केलेली, गळ्याची नळी मात्र कधी बघितली नाही. दोन दिवस वॉर्डात उभी राहिली तेवढंच, मग खाट दुसऱ्या पोराला लागली म्हणून कालच ऋतुजाला घरी धाडलं.
मी तिकडं जाऊ शकत नाही. ह्यांचं अर्धं अंग गेल्यापासून पाणीसुद्धा मीच पाजते. डॉ. म्हणाले, "सिस्टर, फोनवरून शिकवा. तुमचा आवाज ऐकला की पोरी सरळ होतात." हो म्हणून बसले.

११ जाने.
रबरी बाहुली आणली. भाजीच्या सुरीनं गळ्याला भोक, त्यात वॉर्डातली जुनी नळी, मानेमागं फीत. ह्यांच्या खाटेवरच मांडलं होतं सगळं. हे अर्ध्या तोंडानं हसले.
पिशवी राधानगरी गाडीच्या ड्रायव्हरकडं दिली. त्यानं उघडून बघितलीच. "बाई, गळा का कापलायसा हिचा?" म्हटलं, श्वास घ्यायला. त्यानं पिशवी सीटखाली न ठेवता पुढं काचेपाशी ठेवली.

१५ जाने.
वरच्या मजल्यावरच्यांच्या कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याचा प्रयोग. रेखा बाहुली घेऊन तिकडच्या नेटच्या दुकानात. चेहरा पहिल्यांदा नीट बघितला, गोल, घाबरट. फीत बदलायला सांगितली. चित्र सारखं अडकतंय. फीत सोडताना हात दिसला, बांधताना दिसलाच नाही. दुकानात बघ्यांची गर्दी, कोण तरी मागून "बाहुलीचं ऑपरेशन हाय काय?"
कॅमेरा रद्द. नाही तरी ऋतुजाला काय दुकानात आणणार होतो? घरी मोबाईल आहे, तो पुरे.

२२ जाने.
सक्शन. म्हणजे गळ्याच्या नळीत बारीक नळी घालून साठलेला कफ ओढून काढायचा. हे चुकलं की सगळं चुकलं. विजेच्या मशीनची घरघर इतकी की फोनवर दुसरं काही कळेना. म्हणून पायानं दाबायचा पंप घ्यायला लावला. भारनियमनात तोच वापरावा लागणार, सवय झालेली बरी.
ऋतुजाच्या आईनं मोबाईल पोरीच्या गळ्याशी धरला, रेखानं नळी घातली, मी डोळे मिटून ऐकलं. कफ असला की खळखळ, निघाला की कोरडी सूं. उभा जन्म हेच ऐकलंय. वॉर्डात शिकवताना पोरींच्या हातावर हात ठेवायची. इथं हात कुठला ठेवणार, कान ठेवला.
सांगून टाकलं रेखाला, "दहा मोजेपर्यंतच आत ठेवायची. आणि आवाज मला आला पाहिजे. त्याशिवाय मी बरोबर म्हणणार नाही."
"व्हय सिस्टर."

२९ जाने.
तानाजीरावांनी फोन ओढून घेतला. "सिस्टर, पोरगी आज अंगणात बसलीया. कोंबड्यास्नी बघून हासली की वो." नळीमुळं हसण्याला आवाज नसतो. पण ते बघून आलेला माणूस असा ओरडत होता की मला ऐकू आल्यासारखंच झालं.

५ फेब्रु.
रेखाला आज तीनदा करायला लावलं. "फुसका आवाज आला. परत." "परत." ती "व्हय सिस्टर" शिवाय बोलत नाही, आत काय चाललंय कळत नाही. असो, मऊ बोलून नर्स तयार होत नाही.
डॉ. म्हणतात, जमलं तर गडहिंग्लजकडच्या एका पोराच्या घरीही असंच शिकवू. डोक्यात हवा गेली थोडी. म्हटलं, आख्ख्या जिल्ह्याला घरबसल्या शिकवीन.
नणंद आली होती. "वहिनी, मी बसते दादाजवळ दिवसभर, तू एकदा जाऊन बघून ये की त्या पोरीला." म्हटलं, कशाला? सगळं ऐकू येतं मला इथं.

१३ फेब्रु., मंगळवार

दुपारचा सराव. खळखळ आली नाही. म्हटलं, "अजून." नुसती पंपाची फसफस. म्हटलं, "अजून थोडं, येईल, ठेव तशीच." आणि आई ओरडली, "निळी पडली वो! रेखा, निळी पडली!"
मी ओरडले, काढ, काढ आधी! श्वास द्यायचा फुगा नळीला लाव, फुगा दाब! मोबाईल खाली पडला असावा. पायांचा आवाज, भांडं पडलं, मग काहीच नाही. उलटा फोन लावते तर लागेना.
नंतर तानाजीराव, गाडीतून. पोरगी शुद्धीवर आहे, रेखा फुगा दाबतीय, नळीतून रक्त येतंय. कोल्हापूरला निघालेत.
ह्यांना जेवू घालायचं राहूनच गेलं.

१४ फेब्रु.
नणंदेला फोन केला तर अर्ध्या तासात हजर. इतकं सोपं होतं.
वॉर्डात गेले. ऋतुजा बरी आहे. आत खरचटून सूज आलीय, ऑक्सिजनवर ठेवलीय. आईचा पदर मुठीत.
व्हरांड्यात तानाजीराव रेखाला फाडून खात होते. "काय येतंय हिला? आमीच खुळं, पोरगी हिच्या हातात दिली!" रेखा भिंतीला टेकून, मान खाली. फुगा दाबून दाबून तिचा अंगठा सुजलेला.
तिला बाजूला घेतलं. माझाही आवाज चढलेलाच. "दहा मोजून काढायची, सांगितलं होतं ना?"
"दहालाच काढतो की मी, सिस्टर. रोज."
"मग काल?"
सुजलेला अंगठा तिनं पदरात गुंडाळला. मग म्हणाली, "तुमचा फोन असला की न्हाई काढत. तुमास्नी आवाज यायला पायजे म्हणून ठेवतो. फोन नसतोय तवा पोरगी निवांत असती. काल कफच नव्हता वो. मी आधीच काढलाता."
म्हणजे माझ्याशिवाय तिचं सगळं ठीक चाललं होतं. मी शिकवायला बसले की पोरीचा जीव घुसमटायचा. आणि मी इथं डोळे मिटून "परत, परत".

१५ फेब्रु.
तानाजीरावांना सगळं सांगितलं. चूक रेखाची नाही, मी ठेव म्हटलं म्हणून तिनं ठेवली. डॉ.समोरच सांगितलं. डॉ. म्हणाले, "सिस्टर, मनाला लावून घेऊ नका." मग कशाला लावून घेऊ?
तानाजीराव म्हणाले, "तुमी सांगितलासा, तिनं केलं, खरं हाय. पण निळी माझी पोरगी पडली न्हवं? आता हितंच राहू दे तिला."
इथं कशी राहील? आईचे दिवस भरत आलेत, आठ-दहा दिवसांत तीच खाटेवर असेल. दुसरी नर्स मिळत नाही. आणि ही पोरगी पुन्हा त्याच खिडकीपाशी, हिरव्या भिंतीकडं बघत. कोंबड्या कुठल्या इथं.

१९ फेब्रु.
जायला हवं होतं. एकदा जरी तिचे हात समोर बघितले असते तर कळलं असतं. ह्यांचं कारण खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. फोनवरून मला जमतंय, ह्याची ऐट जास्त होती. ह्यांना सांगितलं सगळं. त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं, बोलता येत नाही त्यांना. मी रडले.
संध्याकाळी तानाजीरावांना गळ घातली. रेखाला आठवडाभर वॉर्डात राहू दे. मी रोज येईन, नणंद घर बघेल. तुम्ही स्वतः बघा, मग ठरवा. "बघतो" म्हणाले.

२१ फेब्रु.
रेखा आली. मला वाटलं होतं येणार नाही. पिशवीत दोन साड्या आणि ऋतुजाला राजगिऱ्याचे लाडू. ऋतुजानं तिला बघून दोन्ही हात वर केले. बापानं ते बघितलं, तोंड फिरवलं.
कफ काढताना रेखाच्या हातावर हात ठेवला. इतका हलका हात आहे ह्या पोरीचा. माझ्यापेक्षा हलका. हे मला कोणता फोन सांगणार होता?

२६ फेब्रु., सोमवार
आज तिला एकटीला करायला दिलं. तानाजीराव दाराशी उभे.
नळी बरोबर घातली. कफ आला. पण डोळे पोरीवर नाहीत, माझ्या तोंडावर. "माझ्याकडं नको, तिच्याकडं बघ." "व्हय सिस्टर." परत माझ्याकडंच. मी हो म्हणेपर्यंत नळी निघेना. शेवटी मीच काढ म्हटलं.
म्हटलं, आपण समोरच नको. थोड्या वेळानं कफ वाजायला लागला तेव्हा तिला सांगून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तानाजीराव शेजारी. काचेतून दिसत होतं. तिनं हात धुतले, नळी हातात घेतली, थांबली. ऋतुजा खोकतीय, ही थांबलेलीच. मग नळी खाली ठेवून दारापाशी आली.
"सिस्टर, तुमी आत या की. घालू न्हवं?"
महिन्यापूर्वी हीच पोरगी एकटी, कुणाला न विचारता सगळं करत होती. ते मी मोडलं तिचं.
आत जाऊन मीच कफ काढला. बाहेर आले तर तानाजीराव तिथंच. रागावलेले नव्हते, रागावले असते तर बरं. हळूच म्हणाले, "सिस्टर, तिकडं घरात तुमी नसतायसा. तवा ही कुणाला इचारणार?"
 पोरीला रेखाच्या भरवशावर घरी न्यायची का इथंच ठेवायची, ते उद्या कळवतो म्हणाले.